ललितचा डी ड्राइव्ह

डिस्क बदलायची याबद्दल घरात दुमत नव्हतं. जुनी हार्ड डिस्क महिनाभर कटकट आवाज करत होती. वत्सलाबाईंनी तर दोनदा टेबलाखाली वाकून उंदीर शोधला होता. प्रश्न एवढाच होता, की नव्या डिस्कचे भाग पाडायचे की ती सलग ठेवायची. रविवारची जेवणं झाली, भांडी झाली, तरी मीना आणि तिचा धाकटा दीर ललित त्या एवढ्याशा प्रश्नापाशीच अडून बसले होते.

"वहिनी, सोपं आहे. सी विंडोजला, डी माझा, ई तुमचा आणि दादाचा," ललित म्हणाला. "सगळ्यांच्या कॉम्प्युटरला असतंच. दुकानदार विचारतसुद्धा नाही, पाडूनच देतो."

"दुकानदार पाडतो म्हणून आपणही पाडायचे?" मीनाने नवी डिस्क तळहातावर घेतली. मोबाइलपेक्षाही लहान होती. "हे बघ. भाग पाडले की प्रत्येकाची हद्द ठरून जाते. उद्या तुझा भाग भरला आणि माझ्याकडे जागा उरली, तरी ती तुझ्या उपयोगाची नाही. सलग ठेवली तर ज्याला लागेल तो वापरेल. आणि डी म्हणजे काही वेगळी डिस्क नसते. ही बंद पडली तर तिन्ही एकदम जाणार."

"पण फॉरमॅट मारताना सी उडतो आणि डी वाचतो."

"तू फॉरमॅट मारतोस म्हणून उडतो."

पलंगावर मेथी निवडत बसलेल्या सासूबाई, वत्सलाबाई, हसल्या. "हे बाकी खरं हाय. जरा मशीन दमलं की हा लगेच उडवून मोकळा."

मीना सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी होती आणि दिंडोरीकडच्या एका वायनरीच्या प्रयोगशाळेत नोकरी करत होती. काहीही सांगताना ती आधी कारण सांगायची आणि मग गोष्ट. ललित म्हणायचा, आमच्या वहिनींना नुसतं 'बरं' म्हणायलाही पुरावा लागतो. आत्ताचा तिचा पुरावा पक्का होता, आणि तो पक्का आहे हे ललितलाही कळत होतं. तरीही तो मान हलवत होता.

"तुला तुझं कोणी उघडू नये असं वाटत असेल, तर फोल्डरला कुलूप लावून देते."

"फोल्डर म्हणजे कप्पा झाला, वहिनी. मला कपाट पाहिजे."

वत्सलाबाईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि मीनाकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मीनाला नीट समजला. कालच स्वयंपाकघरात त्यांनी तिचा हात धरून सांगितलं होतं, "तू शिकलेली हायेस. त्याच्या मनासारखं करून दे, पण त्याला घरात ठेव."

कारण ललितला अंबडहून बोलावणं आलं होतं. मोतीराम नावाचा त्याचा ओळखीचा माणूस तिथे एका गाळ्यात फ्लेक्स छापायचा. ललित सातपूरच्या घरी बसून डिझाइन करायचा आणि मोतीरामकडे छापायला पाठवायचा. आता मोतीराम म्हणत होता, इथेच येऊन बस. खाली मशीन आहे, वर पोटमाळ्यावर एक खोली रिकामी आहे, कामही तिथेच कर आणि झोपही तिथेच. ललितने हे घरी सांगितलं तेव्हा वत्सलाबाईंनी तोंडाला पदर लावला होता. घर असताना पोरगं गाळ्यात झोपणार! ललित नरमला होता, पण पुरता नाही. "मग इथं मला नीट काम करता येऊ दे," एवढंच तो म्हणाला होता.

ललितने जाऊ नये असं मीनालाही वाटत होतं, आणि त्याला तिचं स्वतःचं कारण होतं. सासूबाईंना साखरेचा त्रास होता, गुडघे धरलेले होते. मध्यंतरी एकदा भरदुपारी त्यांना चक्कर आली, तेव्हा ललित समोरच कॉम्प्युटरवर बसलेला होता म्हणून बरं. मीनाचा नवरा दिनेश अंबडच्या कारखान्यात पाळ्या करायचा. ललित दिवसभर घरी असायचा, त्या भरवशावर मीना सकाळी डबा घेऊन निघू शकत होती. तो गेला तर तिची नोकरी आज ना उद्या चर्चेला येणार, हे कोणी बोललं नव्हतं, पण तिने मनाशी धरलं होतं.

"बरं," ती म्हणाली. "भाग पाडू."

"पुरावा न मागता?" ललितने डोळे मोठे केले.

"डी मोठा ठेवू. तुझ्या फायली जड असतात. माझं काय, लग्नाचे फोटो आणि दोनचार कागद."

"नाही. निम्मं निम्मं."

"अरे, पण मला लागणारच नाही तेवढी जागा."

"नसू दे. जास्त नको मला," तो म्हणाला, आणि मग जरा हसून, "उगीच उपकार कोण ठेवून घेणार."

ललितने नवी डिस्क मशीनमध्ये बसवली आणि मीनाने माउस हातात घेतला. सी ड्राइव्हला लागेल तेवढं दिलं आणि उरलेल्याचे दोन सारखे भाग केले. ललितने डीला आपल्या लॉगिनचं कुलूप लावलं. पासवर्ड टाकताना त्याने तिच्याकडे पाहिलं, तेव्हा ती उठून मेथी निवडायला गेली.

पुढचे दिवस बरे गेले. खरं तर फारच बरे. जुन्या डिस्कमधून जेवढं निघालं तेवढं त्याने डीमध्ये भरलं, आणि दोन दिवसांनी ती डिस्क कायमची बंद पडली. ललित गाणं गुणगुणत काम करू लागला. मोतीरामचं नाव निघेना. वत्सलाबाई शेजारच्या भागुबाईंना सांगू लागल्या, "आमच्या सुनेनं मशीनमध्ये त्याला वेगळी खोली काढून दिली." भागुबाईंनी ती बघायला मागितली, तेव्हा ललितने त्यांना पडद्यावरचा डी दाखवला. "एवढुशी?" भागुबाई म्हणाल्या.

कॉम्प्युटर उघडला की तिन्ही ड्राइव्हच्या खाली एकेक आडवी पट्टी दिसायची. जेवढं भरलेलं तेवढी पट्टी निळी, उरलेली पांढरी. मीना लाइट बिलाची पावती काढायला बसायची तेव्हा तिला डी उघडता यायचा नाही, पण त्याची पट्टी दिसायची. आत काय आहे ते कळत नव्हतं. किती आहे ते कळत होतं. मार्च संपता संपता डीची पट्टी लाल झाली. जागा संपत आली की ती लाल होते.

लाल होणारच होती. जयंती जवळ आली होती. चौदा एप्रिलच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे ललितची सुगी. वस्तीवस्तीतली मंडळं फ्लेक्स लावायची. वर बाबासाहेबांचा मोठा फोटो, बाजूला बुद्ध, आणि खाली मंडळाच्या पोरांची गोल गोल चौकटीतली तोंडं, ओळीने. काम अवघड होतं ते या तोंडांचं. कोण वरच्या ओळीत, कोणाचा गोल मोठा, कोणाचा चष्मा चमकतोय, यावर रोज नवा निरोप यायचा. प्रत्येक निरोपाला ललित नवी फाइल करायचा आणि जुनी ठेवून द्यायचा, कारण दोन दिवसांनी हमखास फोन यायचा की पहिलंच बरं होतं. एकेका मंडळाच्या दहादहा फायली व्हायच्या आणि वर्ष उलटलं तरी त्या पुसता यायच्या नाहीत. पुढच्या एप्रिलला पोरं येऊन म्हणायची, मागच्या सालचंच काढ, फक्त तारीख बदल.

एकदा सकाळी चपला घालता घालता मीना म्हणाली, "ललित, तुझा डी भरलाय. ईमध्ये टाक की काही. रिकामाच पडलाय."

"जमतंय, वहिनी," तो पडद्याकडे बघत म्हणाला. तिची गाडी यायची वेळ झाली होती. ती निघाली.

आणि मग एका शनिवारी ती अर्ध्या दिवसाने घरी आली, तेव्हा हॉलमध्ये नवनाथ बसला होता. नवनाथ पलीकडच्या वस्तीतल्या मंडळाचा अध्यक्ष. त्याच्यासमोर चहा होता आणि पडद्यावर त्याचं तोंड.

"जय भीम, वहिनी! तुम्हीच सांगा. मी अध्यक्ष ना? मग माझा गोल खजिनदाराएवढाच का?"

"तू डोकं एवढं पुढं काढून फोटो काढलाय, की गोल मोठा केला तर शेजारचा झाकला जाईल," ललित म्हणाला.

"झाकू दे! त्याने वर्गणी कुठं दिलीय अजून?"

वत्सलाबाईंना हसू आवरेना. नवनाथ आणखी दोन फोटो मोबाइलवरून पाठवून, जाता जाता दारातूनच गोलाचा आकार हाताने दाखवून गेला. ललित हात धुवायला आत गेला आणि मीना पडद्यासमोर वाकली. तिला फक्त जागा किती उरली ते बघायचं होतं.

डीची पट्टी निळी होती. नुसती निळी नाही, चांगली चौथाई पांढरी झाली होती. ई तसाच, जवळजवळ कोरा.

ती तिथेच उभी राहिली. जयंतीच्या तोंडावर, मंडळांच्या फायली रोज वाढत असताना, जागा मोकळी कशी झाली? मंडळाचं काम तो पुसणार नाही. मग दुसरं होतं काय त्याच्याकडे?

ते तिला ठाऊक होतं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा ललित बारावीला होता आणि वहीच्या मागच्या पानांवर चित्रं काढायचा. पुढे कॉम्प्युटरवर काढू लागला. पहाटे पाळीला निघालेली, बसच्या खिडकीला डोकं टेकून झोपलेली माणसं. कारखान्याच्या फाटकाबाहेर वडापाव खाणाऱ्या कंत्राटी बाया. दिनेश, डबा मांडीवर घेऊन चुळा भरताना. तिला त्याने चारपाच दाखवली होती, पुष्कळशी दाखवली नव्हती. एकेक चित्र तो महिना महिना रंगवायचा.

ललित हात पुसत बाहेर आला. ती काय बघतेय हे त्याने पाहिलं.

"चित्रं?" तिने विचारलं.

तो टॉवेल खुर्चीच्या पाठीवर नीट पसरत राहिला.

"सगळी?"

"मोठी होती ती. छोट्या जेपीजी आहेत काहींच्या मोबाइलमध्ये."

"अरे ललित…" या डिस्कमधून पुसलेलं परत काढता येत नाही हे तिला माहीत होतं. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवर पुसलेलं बरेच दिवस मागे राहतं, खटपट केली तर मिळतं. ही नवी डिस्क मोकळी झालेली जागा लगेच स्वच्छ करून ठेवते. त्यानेच तिचा वेग टिकतो. "बाजूला ई रिकामा होता. मी सांगितलंही होतं."

"हो, सांगितलं होतं."

"मग?"

"तुमच्या भागात कसं टाकणार?"

"माझ्या म्हणजे? मला काय करायचंय तिथे?"

"तेच तर." ललित पलंगाच्या कडेला बसला. आवाज त्याने खाली आणला, कारण वत्सलाबाई कपबशा घेऊन नुकत्याच आत गेल्या होत्या. "तुम्ही हो म्हणणार. तुम्ही कायम हो म्हणता, वहिनी. दादापण हो म्हणतो. आई टीव्ही बंद करते तेव्हा मी अंथरूण घालतो. दादाची पहिली पाळी असली की लाइट लागायच्या आत उठतो. पाहुणे आले की कॉम्प्युटर बंद करून गच्चीवर जाऊन बसतो. कोणी जा म्हणत नाही. सगळे ये, बस, टाक म्हणतात. पण प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणायला हवं असतं ना. डी एकच असा होता, की जिथं कोणी म्हणायची गरज नव्हती. मग तो भरला तर माझं मी बघायला नको?"

मीना खुर्चीत बसली. भाग पाडले तर काय होईल, हे त्या रविवारी तिने अचूक सांगितलं होतं. एकाचं भरेल, दुसऱ्याचं रिकामं राहील. तसंच झालं होतं. फक्त ती जागेबद्दल बोलत होती आणि तिच्यासमोर बसलेला माणूस जागेबद्दल बोलत नव्हता.

"मोतीराम अजून बोलावतोय का?" तिने विचारलं.

"ते सोडा. आईला झेपणार नाही."

"बोलावतोय का?"

"बोलावतोय."

जयंती झाली. नवनाथचा गोल शेवटी मोठा झाला आणि खजिनदाराचा एक कान गेला. ललित मिरवणुकीत नाचला आणि दोन दिवस झोपला. झोपला म्हणजे हॉलमध्ये, सगळ्यांच्या येण्याजाण्यात, तोंडावर चादर घेऊन. मीना त्याला ओलांडून स्वयंपाकघरात गेली आणि तिने वत्सलाबाईंच्या हातातलं लाटणं काढून घेतलं.

"आई, ललितला अंबडला जाऊ द्या."

वत्सलाबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "तूच म्हणतेस? अगं, तुला त्याला ठेवायला सांगितलं होतं ना मी?"

"ठेवायचा प्रयत्न केला. मशीनमध्ये खोली दिली. ती पुरत नाही."

"मग मोठी दे!"

"देईन. पण त्याला दार असलेली पाहिजे. खरी."

वत्सलाबाई पोळपाटावरच्या पिठाकडे पाहत राहिल्या. "आणि तुझी नोकरी? मी एकटी पडेन म्हणून तू घरी बसशील. मला काय कळत नाय?"

मीनाला वाटलं होतं, हे फक्त आपल्याच मनात आहे. या प्रश्नावर तिच्याजवळ खरोखरच काही पुरावा नव्हता. "बघू," ती म्हणाली. "काहीतरी करू. पण त्यासाठी त्याला बांधून नको घालूया."

"काहीतरी काय करू? भागुबाई दिवसभर दारात बसूनच असती. ती इथं येऊन बसंल, नायतर मी तिथं. दोघी मिळून एक धड बाई होते." त्यांनी लाटणं परत घेतलं. "पण आधी मला ती जागा दाखवा. बघितल्याशिवाय मी हो म्हणायची नाय."

संध्याकाळी मीनाने ईमधले लग्नाचे फोटो आणि कागद पेनड्राइव्हवर घेतले. फारसा वेळ लागला नाही. मग तिने ललितला हाक मारून बाजूला बसवलं आणि त्याच्यादेखत ई काढून टाकला. डीच्या पुढेच ती जागा होती, ती डीला जोडली. पट्टी एकदम लांबलचक झाल्यासारखी वाटली. निळी सुरुवातीला थोडी आणि पुढे सगळी पांढरी.

"वहिनी, हे काय?"

"कॉम्प्युटर तुझ्याबरोबर जाणार. मग माझा ई तिथे कशाला?"

"आणि तुम्हाला?"

"पावत्या मोबाइलवर निघतात. उपकार नाही हा, नीट ऐक. मला लागत नाही म्हणून काढला. आणि दुसरी एक डिस्क घे, त्यावर दर आठवड्याला सगळं उतरवत जा. ही बंद पडली तर हिच्याबरोबर सगळं जाईल. आता परत सांगायला लावू नकोस."

ललितने मान हलवली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं की पडद्याचा उजेड, ते तिने पाहिलं नाही. ती उठली.

गाळा पाहायला रविवारी तिघे रिक्षाने गेले. मोतीरामने जमिनीवरचे फ्लेक्सचे तुकडे गोळा करून ठेवले होते. शाईचा वास होता. लोखंडी जिना अरुंद होता आणि वत्सलाबाई एकेक पायरी दोन्ही पावलं टेकवत चढल्या. मध्ये थांबून त्या मोतीरामला म्हणाल्या, "माझ्या पोराला काय उपाशी ठेवशील तर बघ," आणि तो खालून हात जोडून म्हणाला, "मावशी, मीच त्याचा डबा खाईन."

वरची खोली लहान होती. एक खिडकी, एक ट्यूबलाइट, भिंतीला लावलेली खाट. पलीकडच्या कारखान्याचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं. वत्सलाबाईंनी खिडकीचे गज हलवून पाहिले, खाट दाबून पाहिली, पाण्याचा नळ विचारला. मग त्या दाराकडे वळल्या.

"कडी हाय का आतून?"

"आहे," ललित म्हणाला.

"लागती का नीट? नुसती असून काय उपयोग. सरका बाहेर दोघं, मी लावून बघते."

मीना आणि ललित जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभे राहिले. दार बंद झालं. कडी लागल्याचा आवाज आला. ललितने दार बाहेरून ढकललं, हललं नाही.

"लागली, आई. उघड आता."

आतून काही आवाज आला नाही. मग खाट करकरली.

"आई?" ललितने मीनाकडे पाहिलं. त्याला त्या दुपारची चक्कर आठवली असावी. मीनाही पुढे झाली आणि तिने दाराला कान लावला. "आई, ठीक आहात ना?"

"हो गं." आवाज स्वस्थ होता, बसलेल्या माणसाचा. वत्सलाबाई सोळाव्या वर्षी लग्न होऊन आल्या तेव्हापासून हॉलमध्येच झोपत होत्या, आधी सासूच्या पलंगाखाली, मग मुलांच्या मध्ये, आता त्याच पलंगावर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या वाटेवर. हे मीनाला माहीत होतं, पण ते असं कधी दिसलं नव्हतं.

"उघड ना मग," ललित म्हणाला.

"थांब रे जरा," आतून उत्तर आलं. "बसू दे की."